बॉनेटखालची मक्तेदारी

मोटार बिघडली तर ती कोणी दुरुस्त करावयाची, हा प्रश्न वरवर पाहता या पानावर चर्चा करण्याजोगा वाटणार नाही. ज्याच्या दाराशी मोटार आहे त्याने ती हवी तेथे न्यावी आणि मागतील ते पैसे मोजावेत. त्यात कष्टकऱ्यांचे काय जाते, असे कोणी विचारील. परंतु या देशात ज्यांच्या हाती वाहनाचे चाक असते, त्यांतील फार मोठा वर्ग हौसेने गाडी बाळगणारांचा नाही. टॅक्सीवाला, भाजीपाला वाहणारा टेम्पोवाला, वडाप चालवून पोट भरणारा खेड्यातील तरुण, कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला शेतकरी, या सर्वांच्या दृष्टीने बंद पडलेले वाहन म्हणजे बुडालेला रोज होय. आणि या सर्वांच्या आधाराला नाक्यानाक्यावर पाना घेऊन उभा असलेला मिस्त्री आहे. त्याच्या हातातून हे काम काढून घेण्याचा उद्योग गेली काही वर्षे पद्धतशीरपणे चालू आहे. म्हणून या विषयाकडे दुर्लक्ष करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

स्वतः दुरुस्त करण्यास सर्वांत सोप्या मोटारी कोणत्या, असे विचारले तर जाणकारांच्या तोंडी ठरावीक नावे येतात. अमेरिकेची फोर्ड मॉडेल टी, जर्मनीची फोक्सवॅगन बीटल, फ्रान्सची सित्रोएन टू सीव्ही आणि आपल्याकडची अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी. मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी निघाल्या. हेन्री फोर्ड हा काही कामगारांचा कैवारी नव्हता; कामगार संघटनेला मान्यता देण्याचे त्याने १९४१ सालापर्यंत टाळले. तरीही त्याची गाडी शेतकऱ्याला आपल्या कोठारात उघडता आणि जोडता येत असे. याचे कारण परोपकार नव्हे. तिचा गिऱ्हाईक दूरच्या शेतावर राहणारा होता आणि जी गाडी त्याला स्वतः चालती ठेवता येत नाही, ती त्याने विकतच घेतली नसती. फ्रान्समध्ये १९४८ साली लोकांसमोर आलेली टू सीव्ही तर ग्रामीण फ्रान्स डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेली होती. हवेने थंड होणारे दोन सिलिंडरांचे इंजिन, आणि बोल्ट सोडवताच निघून येणारे पत्रे, असा तिचा साधा संसार. बीटलचे इंजिन चार बोल्टांवर बसवलेले असे. ते सोडवले की इंजिन खाली उतरवता येई.

आपल्याकडे मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावरून बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७-५८ च्या सुमारास अँबॅसडर निघू लागली, ती २०१४ सालापर्यंत निघत राहिली. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. या गाड्यांचे बॉनेट उघडले की आत काय आहे ते डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. प्लग काढून साफ करावा, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून त्यांतील अंतर नीट करावे, कार्बोरेटरचा जेट फुंकून काढावा, फॅनबेल्ट बदलावा, एवढ्यावर निम्मीअधिक दुखणी बरी होत. इंजिन बांधावयाचे झाले तर बोअर करून देणारा लेथवाला जवळपास असे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नवा नाही तर जुना पार्ट मिळे आणि तोही न मिळाल्यास कोणीतरी घडवून देई. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्याचा निरोप घेतला. वीस वर्षांच्या वयोमर्यादेने तिला थांबविले. दुरुस्ती करणारे हात थकले म्हणून ती थांबली नाही.

या आठवणींनी गहिवरून जाण्याचे मात्र आम्हांस कारण दिसत नाही. परवाना पद्धतीच्या आश्रयाने या गाड्यांच्या मालकांनी वर्षानुवर्षे गिऱ्हाइकाला रांगेत उभे केले आणि सुधारणेकडे पाठ फिरवली, हे सत्य आहे. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीचे इंजिन इतके साधे होते की ते कोणालाही समजावे. पण ती मिळण्यासाठी नागरिकाला अनेक वर्षे वाट पाहावी लागे आणि सुट्या भागांची टंचाई नित्याची असे. साधेपणा म्हणजे लोकाभिमुखता नव्हे, हा धडा समाजवाद्यांनी तरी विसरू नये. शिवाय कार्बोरेटरची गाडी धूर फार ओकते. मोजून इंधन सोडणारी यंत्रणा, धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक, अपघातात फुगणारी हवेची उशी, चाक न अडकू देणारा ब्रेक, यांनी माणसांचे प्राण वाचवले आहेत. शहराची हवा श्वासावाटे घेणारा पहिला माणूस रस्त्यावर दिवस काढणारा श्रमिकच असतो. तेव्हा जुने ते सोने म्हणून कार्बोरेटर परत आणा, अशी आमची मागणी नाही.

मग आजच्या गाड्या अवघड का झाल्या? या अवघडपणाचे तीन प्रकार आहेत आणि ते वेगळे करून पाहिल्यावाचून विचार सरळ होणार नाही.

पहिला प्रकार यंत्राच्या हेतूतून येतो. धूर कमी करावयाचा तर इंधनाचे माप क्षणोक्षणी बदलावे लागते. त्यासाठी सेन्सर आणि संगणक हवा. समोरच्या काचेवर बसवलेला कॅमेरा जर वेळप्रसंगी ब्रेक लावणार असेल, तर काच बदलल्यावर त्याची नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीत शेकडो व्होल्टचा दाब असतो. तेथे शिक्षणावाचून हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. हा अवघडपणा न्याय्य आहे आणि शिक्षण हाच त्यावर उपाय आहे.

दुसरा प्रकार कारखान्याच्या सोयीतून येतो. जोडणीच्या पट्ट्यावर गाडी लवकर तयार व्हावी, पुढचे नाक आखूड दिसावे, जागा वाचावी, एवढाच विचार करून आखणी होते आणि पुढे दहा-पंधरा वर्षे ती उघडणाऱ्या माणसाचा विचार कोणी करीत नाही. अमेरिकेत क्रायस्लरच्या सेब्रिंग गाडीच्या काही आवृत्त्यांत बॅटरी पुढच्या चाकामागे दडवलेली होती; बॅटरीसारखी नित्य बदलावयाची वस्तू काढण्यासाठी चाक उतरवावे लागे. २००३ नंतर काही वर्षे निघालेल्या आउडी एस-फोर गाडीच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या अंगाला बसवलेली होती. तिचे काम निघाले की संपूर्ण इंजिन बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नसे. अशा गाड्या दुरुस्तीला अवघड म्हणून कुप्रसिद्ध झाल्या. पण येथेही निदान वाट मोकळी असते. वेळ लागतो, घाम गळतो. काम मात्र होते.

तिसरा प्रकार मात्र निराळा आहे. तेथे यंत्र अवघड नसते; त्यावर कुलूप घातलेले असते. नवा भाग बरोबर आहे, नीट बसवलेलाही आहे, पण कंपनीच्या संगणकाने त्याची ओळख पटवून दिल्याखेरीज गाडी तो स्वीकारीत नाही. बिघाडाचा संकेत गाडीने नोंदवलेला आहे, पण तो वाचण्याचे साधन फक्त कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला मिळते. पार्ट बाजारात मिळत नाही. बाहेर गाडी उघडली तर वॉरंटी रद्द होईल अशी धमकी असते. यातील कोणतीही अडचण विज्ञानाने निर्माण केलेली नाही. ती नफ्याच्या हिशेबाने निर्माण केलेली आहे. गाडी एकदाच विकली जाते, दुरुस्ती मात्र ती भंगारात जाईपर्यंत विकता येते, हे गणित कंपन्यांना उमगले आहे.

संगणकच मिस्त्र्याचा शत्रू आहे, असे म्हणणाऱ्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. गाडीच्या प्रदूषण-यंत्रणेतील बिघाड सांकेतिक आकड्यांत सांगणारी जी व्यवस्था आहे, ती अमेरिकेत १९९६ सालापासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली आणि तिचे जोडणीचे तोंड व मूलभूत संकेत सर्व कंपन्यांसाठी एकच ठेवण्यात आले. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या निकषांबरोबर ही व्यवस्था आली. त्यामुळे साधा स्कॅनर लावून कोणता सेन्सर गेला हे कोणालाही काही क्षणांत कळू शकते. म्हणजे संगणकामुळे दुरुस्ती सोपीही होते. अट एवढीच, की भाषा सर्वांना खुली असली पाहिजे. ही भाषा खुली झाली ती कंपन्यांच्या उदारतेने नव्हे, कायद्याच्या सक्तीने. जेथे सक्ती संपते तेथे, म्हणजे चावी, गिअरबॉक्स, हवेची उशी, दिवे यांच्या बाबतीत, प्रत्येक कंपनीची गुप्त भाषा सुरू होते.

हाच अनुभव आपल्या देशातही आलेला आहे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा आडवे बसवलेले इंजिन आणि पुढच्या चाकांना मिळणारी ओढ येथील बहुतेक मिस्त्र्यांना नवखी होती. तथापि थोड्याच वर्षांत गल्लोगल्लीचा मिस्त्री ते इंजिन झोपेतसुद्धा बांधू लागला. याचे कारण पार्ट सर्वत्र मिळत होता आणि यंत्र उघडण्यास कोणाची अनुमती लागत नव्हती. नवे यंत्र शिकण्याची कुवत आपल्या कारागिरांत नाही, हा कंपन्यांचा प्रचार या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

कंपन्यांनी येथे काय केले याचा पुरावा सरकारच्याच दप्तरात आहे. एका ग्राहकाने २०११ साली केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने खुल्या बाजारात येऊ न देऊन या कंपन्यांनी आपल्या प्रभुत्वाचा गैरवापर केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. सुटे भाग व साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्या आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. पुढे काय झाले? प्रकरण अपिलात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांपुरता निर्णय देताना मूळ निष्कर्ष कायम ठेवले आणि दंड मात्र उतरविला; इतर कंपन्यांनी उच्च न्यायालयाची वाट धरली. मक्तेदाराला तारखा परवडतात. रोजावर गॅरेज चालवणाऱ्याला त्या परवडत नाहीत.

कंपन्यांच्या बाजूने तीन आक्षेप घेतले जातात. बाहेरच्या दुरुस्तीने सुरक्षितता धोक्यात येते, हा पहिला. त्यात तथ्य असते तर कंपनीने माहिती अधिक उदारपणे दिली असती. माणूस गाडी उघडणारच आहे. माहिती नसताना उघडणे अधिक धोक्याचे की असताना, याचे उत्तर लहान मूलही देईल. माहिती खुली केल्यास चोरांचे फावेल, हा दुसरा आक्षेप. चावीच्या सांकेतिक नोंदणीपुरती ओळखपत्राची आणि नोंदवहीची अट घालता येते. तेवढ्यासाठी दिवे आणि ब्रेक यांनाही कुलपे घालण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप प्रदूषणाचा. गाडीतील संगणकाची आज्ञावली इतरांच्या हाती पडली तर ते तीत ढवळाढवळ करून धुराचे नियम मोडतील, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी २०१५ साल आठवावे. त्या वर्षी सप्टेंबरात उघडकीस आले, की चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली खुद्द फोक्सवॅगन कंपनीनेच आपल्या डिझेल गाड्यांत घातली होती. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती लबाडी होती. भारतातही पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचण्यांनंतर कंपनीला सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा करावी लागली. बंद पेटीत पाप कोणी केले? नाक्यावरच्या मिस्त्र्याने नाही. जी आज्ञावली कोणालाही पाहता येत नाही, तिच्यातील लबाडीही कोणाला दिसत नाही, हाच या प्रकरणाचा बोध आहे.

इतर देशांनी या बाबतीत पावले टाकलेली आहेत. युरोपीय संघाने २००७ साली धुराचे पुढील निकष ठरविणारा जो नियम केला, त्याच नियमात गाडीच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. म्हणजे हवा शुद्ध ठेवणे आणि दुरुस्ती खुली ठेवणे या गोष्टी परस्परविरोधी नाहीत, असे त्या नियमाने मानले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली मतदारांनी फार मोठ्या बहुमताने मोटारदुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. कोलोरॅडो राज्याने शेतीच्या यंत्रांसाठी असाच कायदा केला, तो २०२४ च्या आरंभापासून अमलात आला. जानेवारी २०२५ मध्ये तर तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डीअर या ट्रॅक्टर कंपनीवर दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल खटलाच दाखल केला. पूर्ण दुरुस्ती करू शकणारी संगणकीय साधने कंपनी फक्त आपल्या विक्रेत्यांना देते, ही त्यातली तक्रार होती.

हे उदाहरण दूरचे समजू नये. याच कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे निकष लागू झाले आणि त्यांच्याबरोबर संगणकनियंत्रित इंजिन शेतात उतरले. लहान ट्रॅक्टर अजून बहुतांशी गावचा मिस्त्री उघडू शकतो. उद्या त्याचेही बॉनेट कुलूपबंद झाले तर काय होईल? मृगाचा पाऊस पडून वाफसा आला आहे आणि ट्रॅक्टर तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरमधून कोणी येईल म्हणून बांधावर उभा आहे, असे चित्र ज्यांना पाहावयाचे नाही, त्यांनी आजच बोलले पाहिजे. पेरणीचा मुहूर्त कंपनीच्या सवडीसाठी थांबत नाही.

गांधीजींनी १९२४ साली यंत्राविषयी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, हे पुष्कळांना ठाऊक आहे. डॉ. लोहियांनीही लहान यंत्रांचा आग्रह धरला, तो यंत्र माणसाच्या कह्यात राहावे म्हणून. वापरणारावर यंत्राची सत्ता चालते की यंत्रावर वापरणाराची, ही त्या विचारातील कसोटी आजच्या मोटारीलाही लावता येते. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वस्तूचे झाकण उघडण्याचा अधिकार ज्याला नाही, तो मालक कसला? तो भाडेकरूच, आणि भाड्याचा दर ठरविण्याचा हक्कही घरमालकाकडे.

मिस्त्र्यांची बाजू घेताना त्यांच्या धंद्यातील दोष झाकण्याची आमची इच्छा नाही. पुष्कळ गॅरेजांत शाळेत असावयास हवा असा ‘पोऱ्या’ पाने उचलतो. कारागिराला भविष्यनिर्वाह निधी नाही, विमा नाही, कामाचे तास नाहीत. बनावट पार्ट लावून गिऱ्हाइकाला फसविणारेही आहेत. सर्व्हिस सेंटरच्या चकचकीत काचेआडच्या कंत्राटी कामगाराची स्थितीही मोठीशी हेवा करण्याजोगी नसते. पण या दोषांवर उपाय शिक्षण, संघटना आणि कायद्याचा अंमल हा आहे. धंदा उचलून कंपनीच्या पदरात टाकणे हा नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मोटारी आणि शेतीची अवजारे हे विषय तिच्या कक्षेत ठेवले आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक पोर्टल सुरू केले. ते चांगले झाले. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपन्यांनी आपखुशीने जे टाकावे ते तेथे वाचावयास मिळते. न टाकणाऱ्याला दंड होत नाही. तेव्हा पहिली मागणी अशी, की दुरुस्तीची पुस्तिका, विजेच्या जोडण्यांचे नकाशे, संकेतांची यादी आणि बिघाड शोधण्याची साधने अधिकृत विक्रेत्याला ज्या अटींवर मिळतात त्याच अटींवर स्वतंत्र गॅरेजाला व मालकाला देण्याचे बंधन कायद्याने घालावे. दुसरी, गाडीचे उत्पादन बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे सुटे भाग पुरविण्याची सक्ती असावी आणि अस्सल भाग संगणकाच्या कुलपाने नाकारण्यास मनाई व्हावी. तिसरी, प्रत्येक नव्या मोटारीवर आणि ट्रॅक्टरवर ती दुरुस्तीला किती सोपी वा अवघड आहे याचा अंक छापला जावा. मायलेज विचारून गाडी घेणारा गिऱ्हाईक हा अंकही विचारील आणि मग कारखान्यातील आखणी करणाराला बॅटरी चाकामागे दडविताना दोनदा विचार करावा लागेल. चौथी, आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाला विजेच्या गाड्यांचे आणि संगणकीय निदानाचे खरेखुरे शिक्षण जोडावे आणि जुन्या, प्रमाणपत्र नसलेल्या कारागिरांसाठी संध्याकाळचे वर्ग काढावेत.

एक काम मात्र सरकारची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे. महागडी निदानयंत्रे एकेका गॅरेजाला परवडत नाहीत हे खरे. पण ज्या महाराष्ट्राने ऊस गाळण्याचे कारखाने सहकारातून उभे केले, त्याला तालुक्याच्या ठिकाणी दहा-वीस गॅरेजांनी मिळून एक सामाईक निदान केंद्र चालविणे अशक्य नाही. टॅक्सी आणि टेम्पोचालकांच्या संघटनांनी, शेतकरी संघटनांनी आणि मिस्त्र्यांनी या कामी एकत्र आले पाहिजे; कारण आज त्यांची बिले वेगवेगळी फाडली जात असली तरी ती लिहिणारा हात एकच आहे.

कोणती गाडी दुरुस्तीला सोपी आणि कोणती अवघड, याचा निकाल यापुढे पाने आणि बोल्ट यांवर लागणार नाही. तो कायदेमंडळात लागणार आहे. तेथे कंपन्यांचे वकील केव्हाचे जाऊन बसले आहेत. पाना हातात असलेल्या माणसाचा आवाज तेथे पोचविणे हे लोकचळवळीचे काम आहे आणि ते आता लांबणीवर टाकता येणार नाही.